बारावा चमचा

आमच्या घरी एक चमचा आहे.
दांड्यावर मुकुट, मुकुटाखाली दोन अक्षरं, एच आणि एम.
ती एका कोंदाची, असं शांबाकाका सांगतो
आणि सांगण्याआधी पंखा बंद करायला लावतो.

हेर्मेनेजिल्दु द मेलु, लिस्बनचा, घाऱ्या डोळ्यांचा.
हे नाव जुळवायला काकाला किती वर्षं लागली, देव जाणे.
त्याच्यापासून आमच्या खापरपणजीला धाकू झाला.
बोटीवर चढताना कोंदाने
तिच्या हातात एवढंच ठेवलं.
म्हणून धाकूचे डोळे घारे. म्हणून माझ्या भावाचे.
म्हणून आत्याला तीन स्थळं पसंत पडली नाहीत.
आमचं अर्धं घर या ‘म्हणून’वर उभं आहे.

चांदी कधी काळी पडली नाही,
तेसुद्धा खानदानामुळेच.
काळी पडत नाही ती चांदी नसते,
हे मला आठवीत कळलं होतं.
मी गप्प बसले. त्या वर्षी मला विज्ञानात बेचाळीस होते.

निवृत्त झाल्यावर पोर्तुगीज शिकले,
एका बापासाठी, तोही माझा नव्हे.
मंगळवारी, गुरुवारी कुंभारजुवेंहून पणजी,
बसमध्ये क्रियापदं घोकत.
पुराभिलेखात मिलाग्रीन वह्या आणून द्यायची
दोन्ही हातांवर, झोपलेलं मूल आणावं तशी.
कसरीने पाडलेली भोकं पानांच्या आरपार,
त्यांतून पुढच्या महिन्याची तारीख दिसायची.

कोंद कुठेच नव्हता.
जहाजांच्या याद्यांत नाही, दानपत्रांत नाही.
मेलु सापडले तीन:
एक पाद्री, एक न्हावी,
एक नऊ वर्षांचा, तापाने गेलेला.

मग एका गुरुवारी मिलाग्रीनने
चुकून भलतीच वही आणली.
लष्करी इस्पितळ, सामानसुमान.
उशा. तस्तं. जळवांच्या बरण्या.
कथलाचे चमचे, मुकुटछाप, बारा. हजर अकरा.
आणि समासात, घाईच्या अक्षरात:
बाराव्याबद्दल धुणेवाली भागी, कुंभारजुवेंची,
हिच्या पगारातून दोन तांग वळते.

भागी.
आमच्या घरात हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं.
आम्ही सगळे बापाचं शोधत होतो.

एच, एम. होस्पिताल मिलितार.
मी इतकी हसले, की मिलाग्रीनने
नियम मोडून पाण्याची बाटली पुढे केली.

पुढच्या महिन्यात भागी गैरहजर. कारण: बाळंत.
त्यापुढच्या महिन्यात हजर,
चादरी एकशे चाळीस.
बापाचा रकाना नाही,
पगाराच्या वहीत तो नसतो.
शिपाई असेल, कंपाउंडर असेल,
आमच्याच वाड्यावरचा कुणी घाऱ्या डोळ्यांचा असेल.
तिला विचारायला हवं होतं, वेळेवर, कुणीतरी.

चोरी म्हणावी, तर पैसे कापलेत.
हिशेब केला: चार दिवसांची धुणी.
म्हणजे घेतलाच की विकत,
सरकारी भावाने,
नववा महिना चालू असताना.

रविवारी भाचीच्या मुलाचं उष्टावण.
शांबाकाकाने चमचा राखेने घासून
रेशमी रुमालात आणलाय.
‘कोंदाचो’, प्रत्येक पाहुण्याला सांगतो.
ऐंशी पूर्ण झाली त्याला, ऐकू कमी येतं.
माझ्या पिशवीत त्या पानाची झेरॉक्स,
चार घड्या घातलेली.

हा घास आजीचा, भाची म्हणते.
हा मामाचा. हा कोंदाचा, काका ओरडतो.
पोरानं चमचा हिरड्यांत धरलाय, सोडत नाही.
माझी पाळी येते.
हा घास भागीचा, मी म्हणते.

‘भाजीचा?’ काका दचकतो.
‘एवढ्यात भाजी नको गो, पोट बिघडतलें ताचें.’